रूळ नसलेलं स्टेशन

ज्या देशात तेव्हा आगगाडी धावत नव्हती, त्या देशात मी रेल्वे स्टेशन बघायला गेले होते. हे वाक्य मी पुण्यात ज्यांना ज्यांना ऐकवलं, त्यांनी आधी माझ्या वयाकडे पाहिलं आणि मग विषय बदलला. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

दुबईला जाऊन आलेल्या माणसाने काय लिहायचं ते ठरलेलं असतं. उंच इमारती, सोन्याचा बाजार, वाळूत उड्या मारणारी गाडी, उंटाशेजारी फोटो. यातलं मी काहीही केलं नाही आणि त्याचं मला काडीचं दुःख नाही. मी गेले होते ती एका घंटेसाठी.

त्याचं असं झालं. मी पुण्यात एका कॉलेजात आयुष्यभर जर्मन शिकवलं. ते शिकवण्याआधी तरुणपणी एक वर्ष तेव्हाच्या पूर्व जर्मनीत काढलं, ब्रुनेनरोडे नावाच्या गावात. हे गाव जर्मन माणसालाही नकाशात शोधावं लागतं. गावात पाहण्यासारखी एकच गोष्ट, तांबड्या दगडाचं जुनं स्टेशन. मी त्याच स्टेशनात, वरच्या मजल्यावर, स्टेशन मास्तरांच्या घरी भाड्याने राहत होते. मास्तरांची मुलगी गुद्रुन माझ्याच वयाची. फलाटावर छपराखाली कळशीएवढी काशाची घंटा टांगलेली होती. गाडी मागच्या स्टेशनातून सुटली की मास्तर ती वाजवत आणि वरच्या खोलीत माझ्या चहाच्या कपाला कंप सुटे.

२००९ च्या सुरुवातीला गुद्रुनचा पुण्यात फोन आला. आमचा पत्रव्यवहार कधीच थंडावला होता. माझ्या 'वसुधा'चा उच्चार तिला कधीच जमला नाही. ती हालहवाल न विचारता म्हणाली, "वाझुधा, तुझा भाचा माझा फोन उचलत नाही."

मी म्हटलं, "कुठला भाचा?"

"ज्याने तुझं नाव सांगून आमची घंटा नेली, तो."

## शारजा

प्रसाद माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत मॅनेजर, राहायला शारजात. विमानतळावर तो मला घ्यायला आला तेव्हा इतका गोड वागला, की त्याने केलंय हे मला तिथेच कळलं.

घरी त्याची बायको गौरी आणि मुलगी ऋचा. गौरीने मला चहा दिला आणि कोण कोण परत गेलं त्याची यादी सुरू केली. समोरच्या बिल्डिंगमधले जोशी गेले, गणपती मंडळाचे खजिनदार गेले, ऋचाच्या वर्गातली निम्मी मुलं गेली. गावात पटकीची साथ आल्यावर बायका बोलत असतील तशा आवाजात ती बोलत होती. मग एकदम चेहरा उजळून म्हणाली, "पण मावशी, ट्रॅफिक काय कमी झालंय! मंदीचा तेवढा फायदा." विमानतळावर किल्लीसकट गाड्या टाकून पळालेल्या लोकांची गोष्टही तिने सांगितली. ती गोष्ट पुढे मला भेटेल त्याने सांगितली. अशी गाडी स्वतः पाहिलेला माणूस मात्र शेवटपर्यंत भेटला नाही.

सकाळी पोहे खाताना मी विचारलं, "घंटा कुठे आहे?"

"सेफ आहे मावशी. साइटवर, स्टोअरमध्ये, लॉक अँड की."

"परत कधी देणार?"

"प्रोजेक्ट होल्डवर आहे ना. बंद नाही हं, होल्डवर. सेंटिमेंट जरा सुधारलं की..."

"कुणाचं सेंटिमेंट?"

"मार्केटचं."

ऋचा टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "मॉम, शी इज आस्किंग अबाउट द बेल अगेन."

हळूहळू सगळं बाहेर आलं. मंदीआधी त्याच्या कंपनीने उम्म अल कुवैनला, खाडीच्या काठी, युरोपी गाव बांधायला काढलं होतं. त्या गावाला इंग्रजीत मोठं नाव होतं आणि त्या नावाला काहीही अर्थ नव्हता. इटलीतला कालवा, हॉलंडची पवनचक्की, फ्रान्सचा चौक. जर्मनीचं काय घ्यावं यावर मीटिंग अडली, तेव्हा या चिरंजिवांना मावशीचा अल्बम आठवला. ब्रुनेनरोडेचं स्टेशन! रहिवाशांसाठी क्लब हाउस म्हणून हुबेहूब तसंच बांधायचं. मोजमाप घ्यायला हा स्वतः एक दुभाषा घेऊन तिथे गेला. 'मी वसुधाचा भाचा' म्हणून गुद्रुनकडे केक खाल्ला. ती आता स्टेशन जतन करणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाची अध्यक्ष. तिने नकाशे दिले आणि उद्घाटनापुरती म्हणून खरी घंटाही दिली.

"मला विचारायचं होतंस," मी म्हटलं.

"सरप्राइज द्यायचं होतं तुला. उद्घाटनाला बोलावणार होतो."

आपल्याकडे चोरी पकडली गेली की तिला सरप्राइज म्हणतात, हे मी तेव्हा शिकले.

## बर दुबई

ठरल्याप्रमाणे गुद्रुन दोन दिवसांनी घंटा न्यायला आली. पदरमोड करून, पाठीवर पिशवी घेऊन, पायात डोंगर चढायचे बूट. पस्तीसेक वर्षांत ती रुंद झाली होती आणि मी अरुंद. आम्ही एकमेकींकडे पाहून "तू अगदी तशीच आहेस" असं खोटं बोललो नाही, याचं मला समाधान आहे.

प्रसादने तिची सोय मीना बाजारातल्या एका हॉटेलात केली होती. खाली साड्यांची दुकानं, समोर साड्यांची दुकानं, मागे साड्यांची दुकानं. देवळाच्या गल्लीत झेंडूच्या माळा, उदबत्त्या, नारळ, चपला सांभाळणारा, आणि "बहनजी, इधर आइए" म्हणून ओढणारे. समुद्र ओलांडून माणूस इतक्या लांब येतो आणि आल्या आल्या सोडून आलेली गल्ली बांधायला घेतो. खरं सांगायचं तर त्या गल्लीत मला जरा बरं वाटलं. तेही मला आवडलं नाही.

उडप्याच्या हॉटेलात गुद्रुनने मसाला डोसा काट्या-सुरीने शस्त्रक्रिया केल्यासारखा उघडला आणि आतली भाजी पाहून म्हणाली, "अरे, बटाटे!" पुढे ती रोज तेच खात होती. पिशवीत तिने घरून काळा पाव आणला होता, तोही मधूनमधून काढून चावायची. परदेशात थेपले नेणाऱ्यांना हसणाऱ्या सगळ्यांना मला तो पाव दाखवायचा होता.

संध्याकाळी आम्ही अब्रातून, म्हणजे तिथल्या उघड्या होडीतून, खाडीपलीकडे गेलो. होडीत कामावरून सुटलेली माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली. दोन मुलगे मराठीत बोलत होते, बहुतेक चिपळूणकडचे. एकाचं तिकीट काढलं होतं आणि दुसरा त्याला घरच्यांना काय सांगायचं ते शिकवत होता. "सांग सुट्टीवर आलोय. महिनाभर कुणी विचारत नाही."

गुद्रुन पाण्याकडे बघत म्हणाली, "बेकरीत माझ्याशी कुणी बोलत नाही."

"का?"

"घंटा मी दिली. मंडळात दोघांचा विरोध होता. मी सांगितलं, वाझुधाच्या घरचा मुलगा आहे, चिंता नको. शाळेचा शेवटचा दिवस असला की मुलं ती घंटा वाजवायची. गेल्या वर्षी नुसत्या हुकाखाली उभी राहिली. मी आता पाव आणायला शेजारच्या गावी जाते."

अब्रावाला म्हणाला, "यल्ला, यल्ला, उतरो." आम्ही उतरलो.

## शेख झायेद रोड

प्रसादचे साहेब दिघे, मूळ दादरचे. ऑफिस इतक्या उंचावर होतं की कान बंद झाले. खाली अर्धवट मनोऱ्यांवर क्रेन उभ्या होत्या, एकही हलत नव्हती. ऑफिसातही अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या, पण कॉफीचं यंत्र मात्र जोरात चालू.

मध्यभागी काचेखाली त्या युरोपी गावाची प्रतिकृती. त्यात स्टेशन, आणि स्टेशनाभोवती फिरणारी इवलीशी आगगाडी. दर फेरीला ती पवनचक्कीपाशी अडकायची आणि रिसेप्शनवरची मुलगी येऊन पेन्सिलीने तिला ढकलायची.

गुद्रुन शाळेत रशियन शिकलेली, तिला इंग्रजीचा गंध नाही. त्यामुळे दुभाषी मी. दिघ्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि पुढे सगळं अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलले.

"टेल मॅडम, ती बेल आमच्या प्रोजेक्टची सोल आहे."

मी सांगितलं. गुद्रुन म्हणाली, "आत्मा त्यांचा असेल, घंटा आमची आहे. मला न्यायची आहे."

दिघे हसले. "ऑफ कोर्स! पण फर्स्ट एक छोटासा फंक्शन. मॅडम साइटवर येतील, बेल वाजवतील, फोटो निघेल. बायर्सना दाखवायला हवं की जर्मन पार्टनर आमच्याबरोबर आहेत. मग आपण रिटर्नचं बघू."

"आणि स्टेशनात गाडी कधी येणार?" गुद्रुनने विचारलं.

"रेल्वे येणारच आहे या देशात, इन्शाल्ला. आपलं स्टेशन आधीच तयार."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, हे जर्मनमध्ये कसं सांगतात ते मला कधीच जमलेलं नाही. मी शब्दशः सांगितलं. गुद्रुन म्हणाली, "ब्राह्मण बायकोला का मारतोय?" मी म्हटलं, "ते जाऊ दे. गाडी येणार नाही."

निघताना दिघ्यांनी प्रसादच्या खांद्यावर हात ठेवला आणि मराठीत, अगदी प्रेमाने म्हणाले, "मावशींना सांभाळ रे. तुझी फॅमिली इथे आहे ना? व्हिसा, मुलीची शाळा. सगळं स्मूथ राहू दे." मी दोन हातांवर उभी होते. दादरच्या माणसाने पुण्याच्या बाईला मराठीतली मेख कळत नाही असं समजावं, याचा राग आधी आला आणि धमकीचा नंतर.

गाडीत प्रसाद म्हणाला, "मावशी, उद्या ती काहीही बोलली तरी तू जरा सॉफ्ट करून सांग. प्लीज. तुला काय, दोन शब्द इकडचे तिकडे."

दोन शब्द इकडचे तिकडे केले म्हणून मी मुलांना नापास केलेलं आहे. पण गौरीने सकाळी मला डब्यात बेसनाचे लाडू भरून दिले होते आणि ऋचाच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होती, ते डोळ्यांसमोर आलं. मी "बघू" म्हणाले. मला स्वतःचाच तिटकारा आला.

## उम्म अल कुवैन

हे अमिरातीतलं शांत संस्थान. दुबईचा तोरा इथपर्यंत पोहोचेतो दमून जातो. मुख्य रस्ता सोडला की एका बाजूला गॅरेजेस आणि गोदामं, दुसऱ्या बाजूला खाडी, खारफुटी, चिखलात एका पायावर उभे पक्षी. इतकं सुंदर ठिकाण, आणि तिथे या लोकांना पवनचक्की सुचली.

गेट गंजलं होतं. आत कालव्याचा खड्डा, त्यात पाण्याऐवजी सिमेंटच्या फाटक्या गोण्या. पवनचक्कीला पाती नव्हती, नुसताच घसा वर करून उभी. आणि त्यापलीकडे, वाळूत, ब्रुनेनरोडेचं स्टेशन.

खोटं बोलणार नाही, पहिल्या क्षणी मी फसले. तोच तांबडा दगड, तेच उतरतं छप्पर, तोच घड्याळाचा मनोरा. मग गाडी जवळ गेली आणि कळलं, दगड म्हणजे प्लास्टरवर मारलेला रंग. घड्याळाचे काटेही रंगवलेले. दर्शनी भिंत पूर्ण आणि मागे नुसते खांब आणि वर आलेल्या सळ्या, नाटकाच्या पडद्यासारखं. दारावर जर्मन अक्षरांत स्टेशन असं लिहिलं होतं, त्या एका शब्दात दोन चुका. फलाट मात्र बांधून झाला होता. त्याच्या कडेला, जिथे रूळ हवेत, तिथे तीन शेळ्या उभ्या होत्या.

गुद्रुन बूट वाजवत आत गेली. दाराला हात लावून वर पाहिलं. "दार उंच केलंय," ती म्हणाली. "वडील इथे वाकून आत यायचे." ज्या खोलीत तिचे वडील तारयंत्रापाशी बसत, तिथे इंग्रजीत कॉफी लाउंज अशी पाटी होती. मग ती फलाटावर छपराखाली आली. हूक होता. घंटा नव्हती.

तिने माझ्याकडे पाहिलं, मी प्रसादकडे.

"स्टोअरमध्ये असेल," प्रसाद म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता. स्टोअरचं शेड उघडंच होतं, आत वाळू आणि एक मोडकी ढकलगाडी. तो फोन काढून कुणाकुणाला लावत राहिला. कुणी उचलत नव्हतं. आता फोन न उचलणाऱ्यांचा अनुभव त्यालाही येऊ दे, असं माझ्या मनात आलं.

आणि तेवढ्यात घंटा वाजली.

लांबून, वाळूच्या ढिगामागून. एक ठोका, थांबून दोन ठोके. गुद्रुन ताठ झाली. मला तो आवाज ऐकून इतकी वर्षं झाली होती, तरी तळहातात कपाचा कंप जाणवला.

"ही आमची," ती म्हणाली आणि सरळ वाळूत चालू लागली. आम्ही मागून धावलो.

ढिगापलीकडे कामगारांचा कॅम्प होता, पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा. मधल्या मोकळ्या जागेत बांधकामाच्या पायपांना ती टांगलेली होती आणि तिच्याखाली डोक्याला पंचा बांधलेला एक माणूस हातात लोखंडी सळी घेऊन उभा. चारी बाजूंनी माणसं ताटं घेऊन येत होती.

"या साहेब," तो प्रसादला म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "मराठी? बसा ताई. जेवायची वेळ झाली."

हे सत्तारभाई, राजापूरकडचे, साइटचे स्टोअरकीपर. काम बंद पडल्यावर कंपनी या माणसांना तिथेच विसरली होती. परत पाठवत नाही, दुसरीकडे जाऊ देत नाही. जनरेटरचं डिझेल यायचं थांबलं, भोंगा बंद झाला. खोल्यांत पंखे नाहीत म्हणून माणसं दिवसा खारफुटीच्या सावलीत लांब जाऊन पडायची, जेवायला हाक ऐकू जायची नाही. तेव्हा सत्तारभाईंनी स्टोअरमधून घंटा काढली.

"घंटी कुणाची ते ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "पण चांगली घंटी आहे ताई. पार खाडीपर्यंत जाते."

मी गुद्रुनला सगळं सांगितलं, एक शब्दही इकडचा तिकडे न करता. ती चष्मा चढवून घंटेवरची अक्षरं वाचत होती. तिच्या डोळ्यांत पाणी येईल आणि ती घंटा या माणसांना दान करेल, अशी कुणाची अपेक्षा असेल तर ती माणसं गुद्रुनला ओळखत नाहीत. ती म्हणाली, "त्यांना सांग, सळीने मारू नका, काठ खराब होतो. आणि सांग, मी घेऊन जाणार आहे."

सत्तारभाई हसले. "न्या की. आमचं काय, थाळी बडवू."

पण आधी जेवण झालं. भात, डाळ, बांगड्याचं कालवण. गुद्रुनने पिशवीतला काळा पाव काढला, कालवणात बुडवला, आणि तिच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या तरी ताट पुसून खाल्लं. जमिनीवर तिच्या शेजारी बसलेला बिहारी माणूस पावाचा तुकडा चाखून म्हणाला, "यह तो सूखी ईंट है, माताजी." हे मी भाषांतरित केलं. ती खो खो हसली. त्या सगळ्या प्रवासातलं माझं सर्वांत चांगलं जेवण ते. प्रसाद एका कडेला ताट धरून बसला होता. ज्या कॅम्पाशेजारी त्याचं स्टेशन होतं, तिथे तो पहिल्यांदाच आला होता.

दिघे आले ते फोटोग्राफर आणि लाल फीत घेऊन. कॅम्पाकडे त्यांनी पाहिलंच नाही. घंटा उचलून स्टेशनात टांगायला लावली. चार माणसांनी ती वाहून नेली. शेळ्या हाकलल्या. रिकाम्या सळ्या दिसू नयेत असा कोन फोटोग्राफरने शोधला.

"मॅडम फ्यू वर्ड्स बोलतील," दिघे म्हणाले. "व्हिडिओ घे रे."

गुद्रुन हुकाखाली उभी राहिली आणि शाळेत कविता म्हणावी तशा स्पष्ट आवाजात बोलली. ती म्हणाली, "हे स्टेशन नाही. स्टेशनात कुणीतरी येतं किंवा कुणीतरी जातं. इथे मागे माणसं अडकून पडली आहेत, त्यांना जाता येत नाही, आणि तुम्ही माझा फोटो काढता आहात. माझ्या वडिलांनी ही घंटा एकदाही खोटी वाजवली नाही. मी वाजवणार नाही. मी ती घरी नेते आहे."

दिघ्यांनी हसत माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत? व्हेरी हॅपी ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कॅमेरा माझ्याकडे. प्रसाद माझ्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. मला लाडवांचा डबा दिसला, इस्त्री दिसली. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तीस-पस्तीस वर्षं या भाषेवर पोट भरलेली बाई मी, आणि मुकी झाले.

"सर, मी सांगतो," प्रसाद म्हणाला.

"तुला कुठे जर्मन येतं?"

"नाही येत. पण त्या म्हणतायत की हे सगळं खोटं आहे, आणि त्या त्यांची घंटा घेऊन जातायत." मग जरा थांबून, "बरोबर म्हणतायत. मी गाडी आणतो."

दिघ्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसतं त्याच्यातून माणूस निघून गेला. "प्रसाद, गाडीत घंटा चढली तर उद्या ऑफिसला येऊ नकोस. खलास."

"चालेल सर."

सत्तारभाईंनी आणि त्या बिहारी माणसाने घंटा खाली उतरवून गोणपाटात गुंडाळली आणि डिकीत ठेवली. गाडी मागून बसली. सत्तारभाईंनी पुढे पळत जाऊन गेट उघडलं. मी काच खाली करून काहीतरी बोलणार होते, तर तेच म्हणाले, "ताई, आमचं कुठे सांगता आलं तर सांगा." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी आणि गुद्रुन भारतीय वकिलातीत जाऊन तिथल्या माणसाला सगळं सांगून आलो. तो ऐकत होता आणि पंख्याकडे बघत होता. कॅम्पातली माणसं घरी जायला पुढे पुष्कळ महिने लागले. आमच्यामुळे गेली असं मी म्हणणार नाही.

## पुन्हा शारजा

गौरीने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. कणीक मळत होती, ती मळत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं काय जातं मावशी? तुम्ही परवा विमानात बसाल. ऋचाची परीक्षा आहे, हे कुणाच्या लक्षात होतं का?"

कुणाच्याच नव्हतं. मी कणकेचे गोळे करायला बसले. तिने मला करू दिले.

घंटा बर दुबईतल्या कार्गोवाल्याकडून गेली. केरळला गाद्या आणि कोकणात टीव्ही पाठवणारं ते दुकान. पॅकिंग करणाऱ्याने विचारलं, "मिक्सर है क्या?" गुद्रुन शेवटचा खिळा ठोकेपर्यंत तिथून हलली नाही. विमानतळावर तिने प्रसादचा हात बराच वेळ धरून ठेवला आणि मला म्हणाली, "मंडळाला सांगेन, वाझुधाच्या घरचा मुलगा चांगलाच निघाला." पुढे तिचा फोन आला. घंटा हुकावर आहे, मुलांनी वाजवली, आणि बेकरीवालीने पावाबरोबर एक जादा बन दिला. जर्मन माणूस माफी मागतो तेव्हा ती अशी खाण्याच्या वस्तूतूनच मागतो.

## पुणे

गौरी आणि ऋचा त्याच उन्हाळ्यात पुण्याला परत आल्या. प्रसादला काही महिन्यांनी रुवैसला नोकरी मिळाली, अमिरातीच्या पश्चिम टोकाला, तेलशुद्धीच्या गावी. एका कंत्राटदाराकडे बसेसचं वेळापत्रक सांभाळायचं. एकटाच राहायचा.

दोन वर्षांनी गणपतीत तो सुट्टीवर आला. बहिणीकडे सगळे जमलो होतो. जेवणं झाल्यावर आम्ही दोघंच बाल्कनीत बसलो तेव्हा मी त्याला, आयुष्यात क्वचित कुणाला म्हणते तसं, म्हटलं, "त्या दिवशी तू फार मोठं काम केलंस. मला जमलं नाही ते."

तो सुपारी कातरत होता. म्हणाला, "मावशी, तुला एक सांगू? आदल्या दिवशीच एचआरवाल्या मित्राने मला सांगितलं होतं. महिनाअखेर सगळ्यांना काढणार होते. माझं नाव होतंच."

"म्हणजे..."

"म्हणजे गमवायला काही नव्हतं. असतं तर मी बोललो नसतो. तुला सॉफ्ट करून सांगायला लावलं असतं. ते मला पक्कं माहीत आहे."

"मग ऑफिसातून येताना गाडीत मला विनवण्या कशाला केल्यास?"

"तेव्हा कळलं नव्हतं. संध्याकाळी कळलं."

मी त्याला टोचून बोलावं असं काहीतरी शोधत होते. एरवी मला शोधावं लागत नाही.

"गौरीला माहीत आहे?" मी विचारलं.

त्याने मान हलवली, नाही म्हणून. आतल्या खोलीत गौरी शेजारणींना तीच गोष्ट सांगत होती. मला कळलं की ती ही गोष्ट नेहमीच सांगते. "साहेबाच्या तोंडावर सांगितलं ह्यांनी! व्हिसा, शाळा, कशाची पर्वा केली नाही. आमचे दिवस वाईट गेले, पण माणसाने एवढं तरी करावं की नाही?" कुणीतरी शंका काढली असावी, कारण ती उठून बाल्कनीच्या दारात आली. चेहरा फुललेला, कणीक मळतानाचा तो चेहरा कुठल्या कुठे गेलेला.

"विचारा मावशींना," ती मागे वळून म्हणाली. "मावशी, यांनी नोकरीवर लाथ मारली की नाही? सांगा तुम्ही."

प्रसादचा अडकित्ता थांबला.

दुसऱ्याचं वाक्य तंतोतंत उतरवलं नाही म्हणून ज्या बाईने पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांचे कान पिळले, ती मी म्हणाले, "हो. मी तिथेच उभी होते."

गौरी आत गेली. प्रसादने सुपारीची वाटी माझ्यापुढे सरकवली. मी सुपारी खात नाही. त्या दिवशी खाल्ली.